मूठभर बेदाणे

फेब्रुवारी उतरला की सांगलीची हवा पिवळी होते. मार्केट यार्डाकडून वारा सुटला की हळदीची धूळ नाकात जाते, दोरीवरच्या चादरीवर बसते. तासगावच्या रस्त्याला लागलं की शेडवर द्राक्षं वाळत पडलेली दिसतात आणि एसटीच्या खिडकीतून तो आंबूस गोड वास आत येतो. लोकांना हा मोसम आवडतो. पाहुण्यांना ते बेदाण्याचे पुडे बांधून देतात. मी बेदाणे घरात आणत नाही. याच दिवसांत आम्हा ख्रिस्ती लोकांचा उपासकाळ येतो, ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस, उपासाचे आणि पश्चात्तापाचे. काहींना या हवेत शिंका येतात. मला राग येतो.

यंदा तो पहाटे साडेपाचलाच यायला लागला. आमच्या चर्चच्या मंडळीला नवे पाळक आलेत. तरुण आहेत, उत्साही आहेत, गिटार वाजवतात. त्यांनी मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘रोजचा पश्चात्ताप’ सुरू केला. सोमवारी डोळ्यांची पापं, मंगळवारी हातांची, बुधवारी जिभेची, असं करत शनिवारपर्यंत सगळं अंग धुऊन निघतं. त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागते. जिभेच्या दिवशी सगळ्यात आधी हात जोडले ते आमच्या गल्लीतल्या बाईंनी, ज्यांच्या जिभेनं आजवर दोन ठरलेली लग्नं मोडली. मी कुणाला काही म्हणत नाही. फोन पालथा ठेवते आणि चहाचं आधण टाकते.

मी कुपवाडच्या एमआयडीसीत एका लहानशा मशीन शॉपमध्ये इन्स्पेक्शनला आहे. दिवसभर पार्ट गेजवर लावून बघायचे. बसला तर पुढं, नाही बसला तर लाल टॅग. टॅगवर लिहावं लागतं, भोक कुठलं, किती मोठं झालं, कुणाच्या मशीनवर झालं. पोरं येऊन गयावया करतात, “मॅडम, लय न्हाई हो, केसभर हाय.” केसभर असलं तरी लिहायचं. ‘यात काही चुकलं असेल तर सांभाळून घ्या’ असा टॅग लावून मी माल पुढं पाठवला, तर मालक मला संध्याकाळी कायमची घरी पाठवतील.

आणि आमच्या मंडळीत नेमकं हेच वाक्य पवित्र समजलं जातं. प्रभुभोजनाच्या, म्हणजे चर्चमधल्या मेजावरची भाकर आणि द्राक्षाचा रस घ्यायच्या, आदल्या दिवशी लोक एकमेकांच्या घरी जातात, कारण मनात अढी ठेवून त्या मेजाजवळ जायचं नसतं. दारात उभं राहून म्हणायचं, “माझं काही चुकलं असेल तर माफ करा.” समोरच्यानं म्हणायचं, “छे हो, तुमचं काय चुकायचं, प्रभूनं सगळं धुऊन टाकलंय.” मग पोहे येतात. काय चुकलं ते कुणी सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही. सगळे पोटभर खाऊन, निर्मळ होऊन घरी जातात.

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते पप्पांच्या तोंडून. पप्पा माधवनगरच्या मिलमध्ये जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते आणि मंडळीत पंच. मिलमध्ये तुटलेला धागा त्यांना दहा पावलांवरून दिसायचा, माणसातलं पाप वीस पावलांवरून. मी दहावीला होते त्या वर्षी उपासकाळात त्यांनी घरात नियम केला. रोज संध्याकाळी सात वाजता सतरंजी घालायची, वाचन झालं की प्रत्येकानं त्या दिवसाचं एक पाप मोठ्यानं सांगायचं. कालचं पाप आज चालणार नाही.

आईनं पहिल्या दिवशी सांगितलं, “आज आमटीत मीठ जास्त पडलं.”

“ती चूक झाली. पाप सांग.”

आईनं जरा विचार केला. “तुम्ही ताटावरनं ओरडलात तवा मला राग आला.”

“हां. हे पाप.”

पप्पांची पाळी शेवटी असायची. ते डोळे मिटायचे आणि म्हणायचे, “माझ्याकडून कळत-नकळत जे काही घडलं असेल त्याबद्दल.” एवढंच. त्यांचं रोजचं तेच, पण त्यांना नियम नव्हता. मिलमध्येही जॉबरची झडती कुणी घेत नसे.

मोठी बहीण करुणा आणि मी पहिले दहा-बारा दिवस बऱ्यापैकी निभावले. मग साठा संपला. शाळा, अभ्यास, घर, चर्च, एवढ्या वाटेवर पोरीनं रोज नवं पाप करायचं तरी कुठं? पाच वाजले की आम्ही परसात भेटून देवाणघेवाण करायचो. “तुझ्याकडं एखादं जास्तीचं हाय का गं?” मी विचारायची. ती म्हणायची, “हेवा हाय एक. घे. पण गुरुवारी मला आळस लागंल तुझा.” लेकरांना असला धंदा करायला लावून कुठला देव खूश होत असेल, हे मला आजही कळलेलं नाही. पप्पा मात्र खूश होते. सगळ्या मंडळीत आमचंच घर रोज स्वच्छ होत होतं.

आता सरूमावशीबद्दल सांगायला हवं. ती माण तालुक्यातली, दहिवडीकडची. तिचा नवरा चर्चची घंटा वाजवायचा. तो गेल्यावर मंडळीनं तिला चर्चच्या मागची खोली राहू दिली. ती झाडलोट करायची आणि प्रभुभोजनाचा रस करायची. आमच्याकडं तेव्हा बाटलीतला द्राक्षारस येत नसे. मंडळीतले एक काका बेदाण्याच्या शेडवर होते, ते हंगामात वर्षभराचे बेदाणे आणून द्यायचे. पत्र्याच्या डब्यात ते सरूमावशीकडं असायचे. आदल्या दिवशी ती बेदाणे धुवायची, उकळायची, कुस्करायची आणि पांढऱ्या फडक्यातून गाळायची. फडक्याचं एक टोक मी धरायची. गरम वाफ तोंडावर यायची. फडकं पिळताना तिच्या मनगटाच्या शिरा वर यायच्या आणि ती पुटपुटत प्रार्थना करायची. मला ती आईपेक्षाही जवळची वाटायची, हे तेव्हा मला कळत होतं. म्हणून तर पुढचं जास्त लागतं.

त्या दिवशी भूमितीचा अभ्यास करून डोकं उठलं होतं आणि माझ्याकडं पाप नव्हतं. करुणाकडंही नव्हतं. सतरंजीवर माझी पाळी आली. दुपारी मी चर्चकडं गेले होते तेव्हा सरूमावशी डबा उघडून बसली होती आणि तिनं एक बेदाणा तोंडात टाकला होता, एवढं डोळ्यांपुढं आलं. मी म्हणाले, “आज माझ्या मनात सरूमावशीबद्दल वाईट विचार आला.” झालं असतं, पाप पुरेसं होतं. पण पप्पांनी डोळे उघडले. इतक्या दिवसांत त्यांनी पहिल्यांदाच मला पुढचं विचारलं.

“का आला?”

“ती प्रभूच्या मेजाचे बेदाणे खात होती.”

“किती?”

“मूठभर.”

पप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. आईला म्हणाले, “बघ. याला म्हणतात अंतःकरणाची तपासणी.” त्या हाताचा मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, फार आनंद झाला.

आमच्यात एक पद्धत आहे, तिचा मला सगळ्यात जास्त संताप येतो. तोंडावर बोलायची हिंमत नसली की लोक ते प्रार्थनेत बोलतात. प्रार्थना कुणी मधे तोडायची नसते. डोळे मिटलेले असतात, त्यामुळं बोलणाऱ्याला कुणाकडं बघावं लागत नाही. शेवटी सगळ्यांनी आमेन म्हणायचं असतं, म्हणजे झालं ते सगळ्यांच्या सहीनं. शुक्रवारच्या उपासप्रार्थनेत पप्पा उभे राहिले आणि देवाला म्हणाले, “प्रभू, तुझ्या मेजासाठी राखून ठेवलेल्या फळावर तुझ्याच घरात राहणाऱ्या आमच्या विधवा भगिनीनं हात टाकला, तिला क्षमा कर.” मी डोळे उघडले. सगळी मंडळी मान खाली घालून बसली होती. आमेन झालं. सरूमावशी मागं चपलांपाशी बसायची, तिला तिथवर नीट ऐकू आलं नसावं. तिचा आमेन सगळ्यात मोठा होता.

दुसऱ्या दिवशी पंचांनी डबा उचलून नेला, तेव्हा तिला कळलं. तिला चर्चमधल्या पंचांच्या खोलीत बोलावून घेतलं. मी बाहेर खिडकीखाली होते, हातात भूमितीचं पुस्तक. पप्पांचा आवाज मऊ होता, पाप करणाऱ्याशी बोलताना तो नेहमीच मऊ व्हायचा. “बाई, नुसतं झालं म्हणा. रविवारी मंडळीपुढं पश्चात्ताप करा. आम्ही विसरून जातो.”

सरूमावशी म्हणाली, “म्या केलंच न्हाई, तर पस्तावा कशाचा करू? तुमी म्हंता म्हून केला, तर त्योच खोटा हुईल की.”

“मन कठीण करू नका.”

“मन न्हाई कठीण. आवं, खोटं कसं बोलू देवाम्होरं?”

मी पुस्तक उघडून वाचायला लागले. एका शब्दाचं काम होतं. मी ते केलं नाही. त्या ईस्टरला सरूमावशीला प्रभूच्या मेजापासून दूर ठेवलं. रस दुसऱ्या एका बाईंनी केला, फिक्का झाला होता. पुढं दोन महिन्यांनी ती लेकीकडं साताऱ्याला निघून गेली. एक ट्रंक, एक वळकटी आणि पाय बांधलेली कोंबडी. मी दारामागं उभी होते. दहावीचा निकाल लागायचा होता आणि मी पास व्हावं म्हणून सगळे प्रार्थना करत होते.

रोजच्या पश्चात्तापाबद्दल मी आता बोलू शकते, कारण मी तो चोख केलाय. त्या शुक्रवारपासून रोज देवाकडं क्षमा मागितली. एक दिवस चुकवला नाही. देवानं पहिल्याच दिवशी केली असेल, तो असल्या बाबतीत दिरंगाई करत नाही. मला हलकं वाटायचं, डोळ्यांना पाणी यायचं, झोप लागायची. हीच ती घाण. मी इथं रोज धुऊन निघत होते आणि साताऱ्यात एक बाई माझ्याच मळानं काळी पडली होती. कुणी म्हणेल, रोज अंघोळ करणं वाईट का? मुळीच नाही. पण तुंबलेल्या मोरीत उभं राहून रोज डोक्यावर पाणी ओतून घेण्याला मी अंघोळ म्हणत नाही. देवावर माझा राग नाही. देवाला मधे उभं करून माणसाला चुकवतात, त्यांच्यावर आहे. आणि त्या रांगेत मी पुष्कळ वर्षं पहिली उभी होते.

बावीस वर्षांची झाल्यावर मी पप्पांना सांगितलं. नोकरी लागली होती, जरा बळ आलं होतं. सरळ सांगितलं, मूठभर नव्हते, एक होता, मी वाढवून सांगितलं. पप्पा दाढी करत होते. त्यांनी वस्तरा थांबवला नाही.

“देवाला सांगितलंस?”

“रोज सांगते.”

“मग झालं. त्यानं समुद्राच्या तळाशी टाकलं ते तू कशाला उकरतेस? मंडळीत फूट पडेल.”

मला पटलं. खरं म्हणजे, मला ते पटवून घेणं सोयीचं पडलं. पुढं आई गेली, करुणा लग्न होऊन पुण्याला गेली. माझं लग्न झालं नाही, मी पप्पांपाशी राहिले. मिल बंद पडून जमाना झाला. पप्पांना ऐंशी उलटली, कान गेले. अजून सात वाजता ते खुर्चीत डोळे मिटतात आणि म्हणतात, “माझ्याकडून कळत-नकळत.” मी त्यांच्या पायांना तेल लावत असते. कधी कधी जरा जोरात चोळते.

यंदा जिभेच्या बुधवारी पाळकांचा संदेश आला, ‘आज आपल्या जिभेनं कुणाला दुखावलं असेल तर शांतपणे प्रभूला सांगू या.’ त्याच आठवड्यात एका लग्नात साताऱ्याची एक बाई भेटली. बोलता बोलता म्हणाली, “तुमच्या सांगलीच्या सरूआजी आमच्याच गल्लीत. अजून सुई ओवतात, पण चर्चला येत नाहीत. कुणाच्याच.” शनिवारी मी रजा टाकली आणि एसटीत बसले.

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला दोन खोल्यांचं घर. सरूमावशी कॉटवर बसून तांदूळ निवडत होती. अंगानं मूठभर उरली होती, नजर मात्र तीच. लहानपणी मी तिला अगं-तुगं करायची. त्या दिवशी तोंडातून अहो निघालं. माझं नाव सांगितलं. तिनं मान हलवली. मी बसले नाही, उभ्यानंच सांगितलं, जसं टॅगवर लिहिते तसं. कधी, कुठं, काय, कुणापुढं.

तिनं तांदळातून हात काढला नाही. “किती खाल्लं म्हून सांगितलंस?”

“मूठभर.”

“आन खरं किती?”

“एक.”

“एक बी न्हाई,” ती म्हणाली. “चावला आन थुकला. डब्यात वल गेल्ती, आंबलंत का बघत हुते. आंबलेला रस देवाच्या मेजावर कसा ठेवायचा?”

चौतीस वर्षं मी देवाला रोज एक बेदाणा सांगत होते. तोही चुकीचा होता. मी खाली बसले.

“मला माफ करा, मावशी.”

“देवानं केली असंल. त्याच्याकडं रोज जात हुतीस न्हवं? म्या न्हाई केली.” ती रागानं बोलत नव्हती. पिशवीत काय काय आहे ते सांगावं, तसं सांगत होती. “पयल्या वर्सी वाटलं, तू येशील. दुसऱ्या वर्सी वाटलं, तुजा बाप यील. मग वाटायचं थांबलं. माजी लेक विचारती, आई तू देवळात का जात न्हाईस. काय सांगू? मेजावरनं उठवलेली बाई म्या.”

मी रडायला लागले. तिनं मला रडू दिलं, पण जवळ घेतलं नाही. थोड्या वेळानं म्हणाली, “हितं रडून काय हुतंय. तुज्या बापानं डोळं मिटून सांगितलं, साऱ्या मंडळीत. तू डोळं उगडं ठिवून सांग. तितंच.”

“त्यातले बरेच लोक गेले, मावशी.”

“हायत त्यांना सांग.”

तिच्या लेकीनं चहा आणला. सरूमावशीनं मला तो पिऊ दिला. निघताना लेकीचा फोन नंबर घेतला. वाटेत कराडपर्यंत मला राग येत होता, तिचा. इतक्या लांब आले, सगळं सांगितलं, एक शब्द द्यायला काय जात होतं? मग लक्षात आलं की मी पुन्हा पोह्यांची वाट बघत होते.

दुसऱ्या दिवशी रविवार. उपासनेत साक्ष द्यायची वेळ असते, लोक उठून देवानं परीक्षेत कसं पास केलं, गुडघा कसा बरा केला ते सांगतात. मी पुढं गेले. पप्पा पहिल्या बाकावर होते. मी सगळं सांगितलं, माझं आणि पप्पांचंही. दोन मिनिटं लागली असतील. पाळक घाईनं माझ्याजवळ आले आणि म्हणाले, “आपण सगळे डोळे मिटून हे ओझं प्रभूपुढं ठेवू या.”

“मिटू नका, साहेब,” मी म्हणाले. “मागच्या खेपेला सगळ्यांचे मिटलेलेच होते.”

पप्पांनी शेजारच्या काकांना विचारलं, “काय म्हणत्या?” काका म्हणाले, “साक्ष देत्या.” पप्पांनी कानाशी हात नेला. “कशाची?” काकांनी इकडंतिकडं बघितलं. मग नाइलाजानं त्यांच्या कानाशी वाकून, सगळ्या चर्चला ऐकू जाईल असं सांगावं लागलं, “सरूबाईनं बेदाणे खाल्लेच नव्हते म्हणत्या. तुम्हाला ठाऊक होतं म्हणत्या.”

पप्पा काठी धरून उठले. माझ्याकडं बघितलं. बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाले, “हे घरी बोलायचं होतं.” आणि बसले. पुढं ठरलेलं गीत झालं, दान गोळा झालं, आशीर्वाद झाला. माझ्या बाजूनं कुणी गेलं नाही. एक म्हातारी तेवढी जाता जाता माझा दंड दाबून गेली, ते दाबणं माफीचं होतं की धमकीचं ते कळलं नाही.

चर्चच्या आवारातूनच मी साताऱ्याला फोन लावला. लेकीनं तो सरूमावशीच्या कानाशी धरला.

“सांगितलं, मावशी. डोळे उघडे ठेवून.”

“बाप हुता?”

“होते.”

“काय म्हणला?”

मी जसं होतं तसं सांगितलं. “म्हणाले, हे घरी बोलायचं होतं.”

तिनं लेकीला फोन जवळ धरायला सांगितलं.

“त्याला म्हणावं,” सरूमावशी म्हणाली, “म्या दोन म्हैनं घरीच हुते. देवळाच्या मागं. कवाबी यायचं हुतं.”